जुना संगणक, नवी प्रणाली

शिरूरच्या कचेरीसमोर अर्ज लिहून देणाऱ्याचे टेबल असो वा दौंडच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्याचे दुकान, जेथे जुना संगणक अद्याप इमानेइतबारे राबतो आहे, तेथे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार समाप्त झाल्यापासून, नवे यंत्र घ्यावे की आहे त्यावरच विनामूल्य ‘लिनक्स’ ही प्रणाली बसवावी, हा प्रश्न उभा आहे. पुष्कळ जुन्या यंत्रांवर ‘विंडोज ११’ अधिकृतपणे चालत नाही. लिनक्स बहुधा चालते, आणि पत्रव्यवहार व इंटरनेट यांपुरते, माझ्या मते, ते निःसंशय पुरेसे आहे.

खरी मेख जुन्या दप्तरात आहे. ज्या करारनाम्यांचे वा प्रतिज्ञापत्रांचे मसुदे ‘श्रीलिपी’ या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व टंकांत साठवलेले आहेत, ते तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडताच देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थशून्य गुंता समोर येतो. म्हणून ते प्रथम युनिकोडमध्ये आणून, जोडाक्षरे आणि रफार नजरेखालून घालणे अगत्याचे, कारण घोटाळा होतो तो तेथेच.

‘टॅली’वर हिशेब ठेवणाऱ्याने मात्र लिनक्सच्या भानगडीत पडू नये, टॅली विंडोजसाठीच घडवलेले आहे. इतरांनी लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून, आपला प्रिंटर जुळतो का ते पाहावे, आणि सर्व दप्तराची नक्कल काढून ठेवल्यावाचून जुनी प्रणाली पुसू नये.