मागचा दिवा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात सदस्यांच्या अनुभवकथनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावर आजवर साहित्य, संगीत आणि नाट्य या विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या. माझा अधिकार फटफटीपलीकडे जात नाही. म्हणून कार्यकारिणीने मला ‘उदकमंडलमची मोटारसायकल-सहल’ हा विषय दिला, तेव्हा मला हायसे वाटले. मात्र या सहलीचा वृत्तांत मी आजवर जेथे जेथे सांगितला, तेथे तेथे त्यातला एक भाग गाळूनच सांगितला. आज तो भागच सांगणार आहे.

२०२४ सालचा प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला होता. तीन दिवसांची सलग सुटी. आपल्या मंडळातील नऊ मोटारसायकली आणि अकरा माणसे बेंगळूरहून निघाली. वयाची मर्यादा नव्हती. सर्वांत धाकटा माझा मुलगा, वय बावीस. सर्वांत वडील आपले काका, वय सहासष्ट. कोणते काका, हे या सभागृहात सांगावे लागू नये. त्यांची येझदी आपल्यापैकी प्रत्येकाने निदान एकदा तरी ढकललेली आहे.

या येझदीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ती मूळची म्हैसूरची. तेथील कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे १९७३ पासून येझदी या नावाने या गाड्या तयार होत. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. पण काकांची गाडी ही बातमी मानायला तयार नाही. तिचे इंजिन दोन फेरांचे, म्हणून पेट्रोलात तेल मिसळावे लागते. तेलाचा डबा काकांच्या पिशवीत औषधांच्या शेजारी असतो. तिची किक आणि तिचा गिअर हा एकच दांडा. उभा केला की किक, खाली पाडला की गिअर. तरुण मंडळींच्या गाड्या बटण दाबताच सुरू होतात. त्यांना हा सगळा सोहळा पाहून प्रथम हसू येते आणि मग हेवा वाटतो.

तुकडीचे नेतृत्व माझ्याकडे होते. मी नियमावली तयार केली, टंकलिखित करून प्रत्येकाला एकेक प्रत दिली. सरळ रस्त्यावर सर्वांनी एका रेषेत न चालता एकाने उजवीकडून, दुसऱ्याने थोडे मागे डावीकडून, असे आडवेतिरपे चालावे. म्हणजे पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तरी मागच्याला जागा राहते. घाटात मात्र एकामागे एक. दुसरा नियम असा, की प्रत्येकाने आपल्या आरशात मागच्याचा दिवा सांभाळावा. तो दिसेनासा झाला की वेग कमी करावा. अशाने मागे कोणी थांबला तर ती बातमी एकेका आरशातून पुढे सरकत म्होरक्यापर्यंत पोहोचते. आणि तिसरा नियम : जेथे रस्त्याला फाटा फुटतो, तेथे शेवटची गाडी दिसेपर्यंत म्होरक्याने थांबावे. सर्वांत शेवटी माझ्या मुलाला ठेवले होते. त्याने कोणालाही मागे टाकून पुढे जायचे नाही, एवढेच त्याचे काम.

सकाळी मंडळात झेंडावंदन झाले. भाषणे लांबली. (याला मीही काही अंशी जबाबदार होतो.) निघायला अकरा वाजले. बेंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य पट्ट्यावर २०२३ च्या ऑगस्टपासून दुचाकींना मज्जाव आहे. त्यामुळे आमची वरात बाजूच्या रस्त्याने, रामनगरचे खडक पाहत, चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांची दुकाने ओलांडत निघाली. मद्दूरला मद्दूर-वडे झाले. श्रीरंगपट्टणला कावेरी ओलांडली. म्हैसूरला काकांनी येझदीच्या जन्मगावी गाडी पुसून काढली आणि आम्ही छायाचित्रे घेतली. नंजनगूडला श्रीकंठेश्वराचे दर्शन घेऊन बाहेर पडलो, तेव्हा सव्वासात झाले होते आणि अंधार पडला होता.

येथे मला घड्याळ दिसू लागले. गुंडलुपेटच्या पुढे बंदीपूरचे अरण्य लागते. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ वनांपैकी हे एक. रात्री भरधाव वाहनांखाली वन्य प्राणी मरत, म्हणून २००९ पासून या रस्त्याने रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. आमच्या मुक्कामाच्या खोल्या पलीकडे गुडलूरला ठरलेल्या. नऊच्या आत फाटक गाठायचे या एका विचाराने मी वेग वाढवला. खरे तर अशा वेळी गुंडलुपेटला मुक्काम करणे हेच शहाणपणाचे होते. हत्तींच्या रानातून रात्री दुचाकी नेणे हे धाडस नव्हे, अविचार होय. पण ठरलेला कार्यक्रम पार पाडणे म्हणजेच नेतृत्व, अशी माझी तेव्हा समजूत होती.

पुढचा धावू लागला की मागचा आरशात पाहत नाही. पुढच्याचा लाल दिवा निसटू नये एवढेच पाहतो. माझा दुसरा नियम असा माझ्याच वेगाने मोडला. आणि गुंडलुपेटला, जेथे केरळकडे जाणारा रस्ता फुटतो, त्या फाट्यावर तिसरा नियम मी स्वतः मोडला. आठ वाजून पाच मिनिटे झाली होती. मनात म्हटले, रस्ता सर्वांना ठाऊक आहे, येतील मागोमाग. साडेआठला फाटकातून आत शिरलो. अरण्यात थांबण्यास मनाई आहे, त्यामुळे थेट मुदुमलै ओलांडून गुडलूरला पोहोचल्यावरच हेल्मेट काढले आणि गाड्या मोजल्या. सहा होत्या.

खिशातला फोन पाहिला. त्यावर मुलाचे चार फोन येऊन गेलेले होते. शिरस्त्राणात आणि इंजिनाच्या आवाजात मला एकही ऐकू आला नव्हता. मी फोन लावला.

“बाबा, आम्ही गुंडलुपेटला आहोत. बेगूरजवळ काकांचं मागचं चाक पंक्चर झालं. आता नीट झालंय, पण फाटक बंद झालं.”

“जेवलात का?” मी विचारले. अशा वेळी बापाला दुसरे काही सुचत नाही.

“जेवलो.” मग तो थोडा थांबला. “बाबा, तुम्ही फाट्यावर थांबला असाल, असं मी काकांना सांगत होतो.”

त्या आवाजात राग असता तर मी काहीतरी समर्थन केले असते. राग नव्हता, म्हणून मला उत्तर सापडले नाही.

मागे राहिलेली माणसे चार : काका, त्यांच्या मागून येणारे एक नवविवाहित जोडपे आणि माझा मुलगा. त्या रात्री काय घडले ते मला दुसऱ्या दिवशी कळले. रस्त्याकडेचे दुकान बंद होते. माझ्या मुलाने एका शेतकऱ्याला थांबवले, त्याच्याशी कन्नडमध्ये बोलला आणि त्या गृहस्थाने पलीकडच्या खेड्यातून चाके दुरुस्त करणाऱ्याला आपल्या गाडीवर बसवून आणले. ट्यूब बदलेपर्यंत तो स्वतः विजेरी धरून उभा राहिला. आमच्या पिढीने या प्रांतात तीस-तीस वर्षे काढली आणि ‘गोत्तिल्ल’ या एका शब्दावर वेळ मारून नेली. घरात मराठी नीट बोलत नाही म्हणून ज्या मुलाला मी वेळोवेळी टोकले, त्याच्या कन्नडने त्या रात्री चार मराठी माणसांची सोय लावली. हेही मला या सभेत कबूल केले पाहिजे.

मला झोप लागली नाही. पहाटे साडेपाचला मी गुडलूरच्या बाजूच्या, तोरपळ्ळीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. त्याच वेळी अरण्याच्या दुसऱ्या टोकाला माझा मुलगा काकांसह उभा होता. मध्ये सारे अरण्य होते. सहाच्या ठोक्याला दोन्ही फाटके उघडली. मी तेप्पकाडूच्या तिठ्यावर, हत्तींच्या छावणीपाशी, वाट पाहत राहिलो. धुक्यातून प्रथम आला तो येझदीचा आवाज, आणि मग एकामागे एक तीन दिवे. शेवटचा दिवा माझ्या मुलाचा होता. नेमून दिलेली जागा त्याने सोडली नव्हती.

मी क्षमा मागण्यासाठी तोंड उघडले, तोच काका म्हणाले, “अहो, आधी चहाचं बघा. क्षमा गरम राहते, चहा राहत नाही.”

त्या तिठ्यावर मी रांग उलटी केली. काका सर्वांच्या पुढे, आणि मी सर्वांच्या मागे. गुडलूरहून बाकीचे येऊन मिळाले. तेथून उदकमंडलम सुमारे पन्नास किलोमीटर, आणि चढ हजार मीटरांहून अधिक. येझदी दुसऱ्या गिअरवर, निळसर धूर सोडीत, आपल्या चालीने चढत होती आणि आठ दणकट गाड्या तिच्यामागे निमूटपणे जात होत्या. सुरुवातीला तरुणांना ते जड गेले. मग नडुवट्टमच्या आसपास चहाचे मळे लागले, नीलगिरीच्या झाडांचा उग्र वास आला, पैकाराच्या जवळ गवताळ टेकड्या आणि त्यांच्या घळीत दाटलेली शोला वने दिसू लागली. सावलीतल्या गवतावर रात्रीचे दहिवर गोठून पांढरे झाले होते. आदल्या दिवशीच्या वेगात यातले काहीही आमच्या नजरेस पडले नसते.

आपणा महाराष्ट्रीयांना या डोंगरांविषयी एक जवळीक वाटायला हवी. महाबळेश्वरचा सह्याद्री दक्षिणेकडे चालत येतो तो येथवर, आणि येथे पूर्व घाटाला भेटतो. आपल्याकडे काही वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आणि येथे बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी या एकाच कुळातल्या बहिणी आहेत. घरापासून इतक्या दूर येऊनही आपण आपल्या डोंगराच्या बाहेर पडलेलो नाही, हा विचार मला त्या थंडीत फार उबदार वाटला.

उदकमंडलमचे वर्णन करीत नाही. सुमारे साडेबावीसशे मीटर उंचीवरचे हे गाव. जॉन सलिव्हनने १८२२ मध्ये येथे बांधायला घेतलेले दगडी घर आणि पुढे १८४८ पासून आकारास आलेले वनस्पती उद्यान आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. पण कुन्नूर स्थानकावर पाहिलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही.

मेट्टुपाळयमहून येणारी डोंगरी आगगाडी १८९९ मध्ये कुन्नूरला आणि १९०८ मध्ये उदकमंडलमला पोहोचली. २००५ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. कुन्नूरच्या खाली चढ इतका तीव्र आहे, की रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवून इंजिनाच्या दातेरी चाकाला तीत अडकवावे लागते. आम्ही फलाटावर उभे असताना गाडी आली. डबे पुढे होते आणि वाफेचे इंजिन सर्वांत मागे. त्या चढावर इंजिन गाडीला ओढीत नाही, मागून ढकलीत आणते. म्हणजे कोणताही डबा सुटून खाली घसरला तर त्याला अडवायला मागे कोणीतरी असते. माझा मुलगा माझ्याकडे पाहून नुसता हसला. मीही हसलो. त्या विषयावर आमच्यात झालेले तेवढेच बोलणे.

मित्रहो, पन्नास वर्षे हे मंडळ चालले. या स्मरणिकेत संस्थापकांची आणि अध्यक्षांची छायाचित्रे आहेत आणि ती असायलाच हवीत. पण सतरंज्या घालणारे, गणपतीच्या प्रसादासाठी पहाटेपासून नारळ खवणाऱ्या भगिनी, रात्री एकला खुर्च्या मोजून परत करणारे हात छायाचित्रात कोठे नाहीत. चढावर गाडी त्यांनी ढकलली आहे.

आणि दुसरी गोष्ट मला अधिक टोचते. गेल्या काही वर्षांत काही कुटुंबांची वर्गणी येईनाशी झाली. आपण त्यांना स्मरणपत्रे पाठवली, आणि मग यादीतून नावे कमी केली. त्या कार्यकारिणीत मीही होतो. कोणाच्या घरी आजारपण होते, कोणाचे पती गेले, कोणाची मुले परदेशी गेल्यावर संध्याकाळी एकट्याने बाहेर पडणे बंद झाले. कोणाचे चाक कोठे बसले, हे पाहायला आपल्यापैकी कोणी मागे वळले नाही. आपला कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, फाटकही गाठले. गाड्या मात्र आपण मोजल्या नाहीत.

म्हणून माझी एकच विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात प्रत्येकाने एक घर वाटून घ्यावे, जेथून कोणी येईनासे झाले आहे. पत्र नको, निरोप नको, जाऊन यावे. मी माझ्या वाट्याचे घर काल गाठले. दार उघडायला वेळ लागला. उघडल्यावर त्या बाई म्हणाल्या, “मंडळ अजून आहे होय?” पुढच्या रविवारी त्यांना आणायला माझा मुलगा जाणार आहे.