हुरडा संपला, पान तसंच

आपल्या सोलापूर भागातल्या बऱ्याच गटांच्या आता वेबसाइट झाल्या आहेत. कडक भाकरी, शेंगाची चटणी, ज्वारीचं पीठ, हिवाळ्यात हुरडा. वेबसाइट झाली, नारळ फुटला, फोटो निघाले. पुढे बहुतेक ठिकाणी तिला कुणी हात लावला नाही. आणि आता त्याच गटांना फोन येतायत. "ताई, महिन्याला २००० रुपये द्या, आम्ही साइट रोज अपडेट करतो, गुगलवर पहिल्या नंबरला आणतो." दहा जणींचा गट, प्रत्येकीची महिन्याची बचत २०० रुपये. म्हणजे गटाची सगळी बचतच की ही! वर्षाचे २४ हजार. द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण अपडेट केल्यानं नेमकं काय होतं ते आधी समजून घेऊ.

गुगलवर आपण काही शोधतो तेव्हा गुगल त्या क्षणी जगभर हिंडत नाही. त्याचं हिंडणं आधीच झालेलं असतं. त्यासाठी त्याचा एक प्रोग्राम आहे, गुगलबॉट नावाचा. आपल्या आशाताई घरोघर जातात आणि रजिस्टरमध्ये नोंद करतात, तसा हा पानोपानी जातो आणि पाहिलं ते नोंदवून ठेवतो. आपल्याला उत्तर मिळतं ते त्या रजिस्टरातून. आता आशाताई सगळ्या घरी सारख्या जातात का? जिथं बाळंतीण आहे तिथं वरचेवर जातात. ज्या घराला वर्षभर कुलूप आहे तिथं कशाला जातील? गुगलबॉटचंही तसंच. जे पान बदलत राहतं तिथं तो लवकर परततो, जे कधीच बदलत नाही तिथं त्याच्या चकरा कमी होतात.

यातून काय होतं ऐका. एका गटाच्या पानावर हुरड्याचा दर माणशी ४०० रुपये होता. यंदा त्यांनी तो ५०० केला, पण पानावर बदललाच नाही. पुण्याहून बारा माणसं आली, आगटीजवळ बसली, पोटभर खाल्लं, आणि पैसे देताना मोबाईल पुढं केला. "गुगलवर तर ४०० लिहिलंय." गटानं ४०० नंच पैसे घेतले. १२०० रुपये गेले, वर पाहुण्यांच्या तोंडावर नाराजी ती वेगळीच. आणि समजा आदल्या दिवशी दर बदलला असता, तरी गुगलचं रजिस्टर लगेच बदललं असतंच असं नाही. काही दिवस लागतात, कधी काही आठवडेही. म्हणून डिसेंबरात हुरडा सुरू होणार असेल तर पान नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच नीट करा.

लवकर बोलवायची एक सोय आहे, आणि ती फुकट आहे. गुगल सर्च कन्सोल म्हणतात. वेबसाइट आपली आहे हे तिथं एकदा दाखवून द्यावं लागतं, गावातली कॉलेजला जाणारी पोर ते करून देईल. मग वरच्या चौकटीत आपल्या पानाचा पत्ता टाकायचा आणि 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' हे बटण दाबायचं. एकदाच. दहादा दाबलं म्हणून तो दहापट वेगानं येत नाही.

आता नंबराचं बोलू. फोनवाले इथंच गोंधळ घालतात. आशाताई घरी जास्त वेळा आल्या म्हणून घर गावात पहिलं ठरत नाही. गुगलबॉट जास्त वेळा आला म्हणून आपलं पानही वर जात नाही. वर कोण, हे शोधणाऱ्याच्या प्रश्नाला कोणाचं उत्तर जास्त उपयोगी यावर ठरतं. ताजेपणा त्यातली एक गोष्ट, आणि तीही सगळीकडे सारखी लागू नाही. २०११ च्या नोव्हेंबरात गुगलनं ताज्या माहितीला जास्त वजन देणारा बदल केला, आणि तेव्हाच सांगितलं की साधारण ३५ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल. ताज्या घडामोडी, पुन्हा पुन्हा होणारे कार्यक्रम, सारख्या बदलणाऱ्या गोष्टी, असे ते शोध. 'हुरडा पार्टी' शोधणाऱ्याला यंदाचं हवं असतं, गेल्या सालचं त्याच्या काय कामाचं? पण 'कडक भाकरी किती दिवस टिकते' याचं उत्तर आपल्या सासूबाईंच्या वेळचंच आहे. ते पान चांगलं लिहिलेलं असेल तर त्याला दर आठवड्याला कशाला हलवायचं?

'रोज अपडेट' करणारे बरेचदा नुसती तारीख बदलतात, नाहीतर इकडून तिकडून उचललेलं काहीबाही टाकतात. मजकूर तोच आणि तारीख नवी, हे करू नका असं गुगलनं स्वतःच लिहून ठेवलंय. साइट ताजी दिसावी एवढ्यासाठीच नवं घातलं किंवा जुनं काढलं तर फायदा होत नाही, हेही लिहिलंय. आणि पैसे घेऊन आपण कुणाला वरचा नंबर देत नाही, जास्त वेळा भेटही देत नाही, हेसुद्धा. वर 'प्रायोजित' लिहिलेल्या जाहिराती दिसतात त्यांचे पैसे पडतात, पण तो हिशेब वेगळा.

मग खरं अपडेट कोणतं? दर, तारखा, फोन नंबर, यंदा कोणती ज्वारी आहे, गूळभेंडी आहे की आणखी कुठली, पार्सल कुठवर जातं. गिऱ्हाईक फोनवर पुन्हा पुन्हा विचारतं ते पानावर लिहा. लहान मुलांचा दर काय, बसायला सावली आहे का, बायकांसाठी संडासची सोय आहे का. हे आपल्याइतकं खरं दुसरं कोण लिहिणार? आणि अक्षरात लिहा बाई. दरपत्रकाचा नुसता फोटो चिकटवला की त्यातलं गुगलच्या हाती लागेलच असं नाही.

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, गेल्या सालचं हुरड्याचं पान काढून टाकून नवं करू का? नका करू. पत्ता तोच ठेवा, आत साल, दर, तारखा बदला. कुणी आपल्या पानाची लिंक आपल्या वेबसाइटवर दिली असेल, कुणी व्हॉट्सअपवर पाठवली असेल, ती त्याच पत्त्यावर येते. दरवर्षी नवा पत्ता केला की ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. हंगाम संपला तरी पान राहू द्या, वर एक ओळ टाका, "यंदाचा हुरडा संपला, पुढचा डिसेंबरात". आणि त्याच्या खाली कडक भाकरीची ऑर्डर कशी द्यायची ते, कारण ती बारा महिने मिळते.