अभ्यासक्रमांची नवरचना आणि आपली जबाबदारी
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)





विद्यापीठातील अभ्यासक्रमांच्या नवरचनेचे नेतृत्व कोणी व कसे करावे, यावर आम्हा प्राध्यापक मंडळींनी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची इच्छा होती. विषय प्राध्यापकांच्या खोलीतला वाटतो खरा. परंतु ज्या घरात पदवीधर होणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घराचा तो अगदी जवळचा विषय आहे.

मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली होती. तिच्या प्रश्नावलीला बाबासाहेबांनी १९२४ साली लेखी उत्तरे दिली. कोलंबिया व लंडन येथील अध्ययन पुरे करून आलेले ते तेहतीस वर्षांचे विद्वान होते. विद्यापीठ हे केवळ परीक्षा घेणारे कार्यालय असू नये. जो शिकवितो त्याचाच काय शिकवावे हे ठरविण्यात आणि परीक्षणात हात असावा. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबण्यापेक्षा त्याची स्वतःची विचारशक्ती जागी व्हावी, असा त्या उत्तरांचा आशय आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी हे निवेदन मुळातून वाचावे. जयंतीच्या भाषणांत त्याचा उल्लेख फारसा होत नाही, याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

आता आजची स्थिती पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये चार वर्षांच्या पदवीची रचना महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत सुरू झाली. मेजर, मायनर, कौशल्य विषय, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, सर्वांना क्रेडिट. हे सारे अभ्यास मंडळात लिहिले जाते आणि विद्या परिषदेत मंजूर होते. पण लिहिले कसे जाते? आमच्यापैकी काहींनी एका मंडळाची बैठक जवळून पाहिली. जुन्याच घटकांचे क्रमांक बदलले, दोन शीर्षके नवी दिली, आणि दुपारच्या चहापर्यंत अभ्यासक्रम नवा झाला! संदर्भग्रंथांची यादी सगळी इंग्रजी, आणि तो विषय घेणारी बहुसंख्य मुले मराठी माध्यमाची.

आमच्या मते मंडळाचा अध्यक्ष किंवा विभागप्रमुख यांचे काम लेखणी हाती घेण्यापूर्वीच सुरू होते. गेल्या तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका त्याने समोर ठेवाव्यात. मुले कोठे अडतात, कोणता घटक पाठ करून सुटतो आणि कोणता कोणी सोडवीतच नाही, हे त्याला तेथेच कळेल. मग प्रत्यक्ष शिकविणाऱ्यांना बोलवावे. त्यातही जे तासिका तत्त्वावर काम करतात त्यांना आधी, कारण पुष्कळ ठिकाणी वर्ग तेच चालवितात आणि मंडळात मात्र त्यांचा आवाज पोहोचत नाही. नवा विषय आणायचा तर त्याची मराठीतील टिपणे जूनपूर्वी तयार हवीत. आणि पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत थांबू नये. वर्ष संपताच पुन्हा बसून काय जमले नाही ते बदलावे. यात सत्र दोन सत्रांचे श्रम आहेत, मानधन जवळजवळ नाही. म्हणूनच ही कामे टाळली जातात.

पर्यायांचीही तीच गोष्ट. कागदावर बास्केट मोठी असते. लहान गावातल्या महाविद्यालयात दोन विषयांचे शिक्षक असतील तर मुलाला त्या दोहोंतूनच निवड करावी लागते. पालीचे नाव यादीत असते, पण शिकविणारा नसतो.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मधल्या दारांचा. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा कामाचा अनुभव पुरा केला, की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते. ज्याच्या घरी शेती आहे, पगार आहे, तो हे दार क्वचितच वापरील. वापरील ती आईबरोबर कामाला जाणारी मुलगी, बाप आजारी पडलेला मुलगा. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी हिशेब मांडला होता की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोहोचतात. त्यांनी दाखल झालेली मुले मोजून समाधान मानले नाही, गळालेली मोजली. आज प्रत्येक विभागप्रमुखाने हाच हिशेब ठेवला पाहिजे. पहिल्या वर्षानंतर किती गेले, कोण गेले, का गेले? ज्या विभागाकडे हा आकडा नाही त्याने अभ्यासक्रम सुधारल्याचे सांगू नये, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

दार परत आत येण्यासाठीही उघडे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. बाहेर पडलेल्यास तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. मिळविलेले क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. हे त्या मुलीला घरी जाऊन सांगणार कोण? महाविद्यालयाचे पत्र सहसा येत नाही. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. विद्यार्थी कोणत्या वेळी मोकळा असतो हे आधी पाहिले गेले, वेळापत्रक नंतर आखले गेले.

म्हणून आम्ही असे ठरविले आहे. संस्थेच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवली आहे. आपल्या वस्तीतील ज्या मुलामुलींनी २०२४ नंतर प्रवेश घेऊन शिक्षण मध्येच सोडले, त्यांचे नाव, महाविद्यालय आणि सोडल्याचे वर्ष त्यांना विचारून तिच्यात लिहावे. प्रवेश सुरू होण्यापूर्वी दर रविवारी सकाळी आमच्यापैकी दोघे तेथे बसतील, अर्ज भरून देतील आणि गरज पडल्यास महाविद्यालयात बरोबर येतील. पालकांनी येताना पाल्याच्या गुणपत्रिका आणि क्रेडिट खात्याचा क्रमांक आणावा. क्रमांक माहीत नसेल तरी यावे, तो काढून देऊ.