पावलामागील पडझड



नील आर्मस्ट्राँग यांचे चंद्रावरील पहिले पाऊल आपण मुलांस सांगतो. त्यामागील अपघात मात्र सांगत नाही. मार्च १९६६ मध्ये त्यांचे 'जेमिनी ८' हे यान अवकाशात भोवऱ्यासारखे गरगरू लागले, सेकंदास जवळजवळ एक फेरा! त्यांनी ते सावरले. मे १९६८ मध्ये चांद्रावतरणाच्या सरावाचे यंत्र बिघडून कोसळले व पेटले. हवाई छत्रीने वाचलेले हे गृहस्थ त्याच दिवशी पुन्हा कचेरीत! असा सराव धोक्याचाच. तरी तो त्यांस आवश्यक वाटे. पुढे २० जुलै १९६९ रोजी 'ईगल' खडकाळ विवराकडे चालले. इंधन संपत आलेले. शेजारी आल्ड्रिन आकडे वाचीत होते. आर्मस्ट्राँग यांनी यान स्वतः हाकीत पलीकडील सपाटीवर अलगद टेकविले.