पाण्याला वाट द्या



या व्यासपीठावरून राष्ट्र, साहित्य, तत्त्वज्ञान अशा थोर विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आमचा आजचा विषय अवघा चार फूट रुंदीचा आहे. डोंगरातली वाट आणि तिच्यावरून वाहणारे पाणी, एवढाच तो. परंतु गर्भगिरीच्या कुशीत राहणाऱ्या आपणां पाथर्डीकरांना तो परका वाटू नये. मढी, मायंबा, वृद्धेश्वर ही आपली ठाणी याच डोंगरांत आहेत.

वाट बिघडली की दोष कोणाचा? कोणी शेळ्यामेंढ्यांकडे बोट दाखवितो, कोणी यात्रेकरूंकडे. कॅलिफोर्नियात १९७० नंतर जाड टायरांच्या सायकली डोंगर उतरू लागल्या, तेव्हा तेथे चाकांना दोष आला आणि कित्येक वाटा सायकलस्वारांना बंद झाल्या. ते नुसते गाऱ्हाणे करीत बसले नाहीत. १९८८ साली त्यांनी इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था काढली. स्वयंसेवकांनी टिकाव-फावडी हाती घेतली, आणि वाट कशी आखावी व कशी राखावी याचे एक शास्त्रच बसविले. त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल : पाय आणि चाक माती सुटी करतात, ती नेते मात्र पाणी.

पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल त्या दगडाचे वजन चौसष्ट पट होते, असा हिशेब आहे. सरळ उताराने पाडलेल्या वाटेवर पहिल्या सरीत बोटभर ओघळ पडतो. पुढच्या वर्षी त्याची घळ होते. मग माणसे घळ टाळून शेजारच्या गवतातून चालू लागतात, आणि एका वाटेच्या दोन जखमा होतात. आपल्याकडे पाऊस थोडा, पण येतो तो कोसळत. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टी कोण विसरेल? खडकावरची वीतभर माती एकदा गेली, की ती नातवाच्या काळातही परत येत नाही.

उपाय साधा आहे. वाट डोंगराला आडवी न्यावी. तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. चार फुटांच्या वाटेची बाहेरची कड सुमारे अडीच इंच खाली ठेवावी, म्हणजे पाणी वाटेवरून चालत न जाता तिला ओलांडून जाते. आणि मधूनमधून वाटेला हलकासा खोलगट बाक देऊन पुन्हा किंचित चढ द्यावा. पाणी तेथे थांबते व बाहेर पडते. नुसता आडवा दगड रोवला तर त्यामागे गाळ साचतो, आणि पाणी दगडावरून उडी मारते.

यात आमच्या शेतकऱ्याला नवे काय आहे? बांधाला सांडवा ठेवला नाही तर बांध फुटतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. वाटेलाही सांडवे हवेत, इतकेच. मात्र सांडव्याचे पाणी कोणाच्या शेतात सोडू नये. ते गवतावर, दगडांवर पसरावे, खाली समतल चर असल्यास त्यात जिरू द्यावे. वाटेवर पाणी अडवायचे नाही, वाटेखाली जिरवायचे.

हे काम एकदा करून संपत नाही. सांडव्यात गाळ भरतो, बाहेरच्या कडेला मातीचा वरंबा वाढतो. म्हणून येथे ठेकेदारापेक्षा स्वयंसेवक अधिक उपयोगी. वाट त्याच्या रोजच्या पायाखालची असते. आपल्याच जिल्ह्यातील पारनेरला सेनापती बापटांनी हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडले. विद्वान माणसाने हे का करावे, असे विचारणाऱ्यांना त्यांचे कामच उत्तर होते.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. वनखात्याची जमीन असेल तेथे आधी रीतसर परवानगी घ्यावी. मृगापूर्वी एक दिवस दहा-वीस जणांनी फावडी, घमेली घेऊन एक वाट धरावी. आणि पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा घरी न बसता, जपून, त्या वाटेवर जाऊन पाहावे; कारण पाणी कोठून जाऊ इच्छिते हे पाण्याइतके स्पष्ट कोणीच सांगत नाही. त्याला लवकर आणि सावकाश बाहेर पडू दिले, तर आपली वाट आपल्यापाशी राहील. नाही दिले, तर तीच ओढा होईल.