गंजलेली पद्मिनी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानमुलुखांत पाऊस दांडगा. तेथें झाडाखालीं वर्षानुवर्षें उभी राहिलेली पद्मिनी मोटार घरींच दुरुस्त करूं म्हणणाराची नजर प्रथम रंगावर जाते. ती गाडीच्या पोटाखालीं जावी.

इटलीच्या फियाट ११०० चें हें देशी रूप. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतल्या या गाडीस १९७४ सालीं पद्मिनी हें नांव मिळालें. लॉरीसारखी वेगळी चौकट हिला नाहीं. पत्र्याचें अंग हाच हिचा कणा. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर बराच भार असतो. पाणी निघून जाण्याच्या भोकांत पानांचा चुरा व चिखल बसला, कीं आंत ओल कोंडते आणि गंज आंतून बाहेर येतो. रंगाला फोड आला, तेव्हां खालचा पत्रा बहुधा गेलेलाच! तेथें पुट्टी भरून रंग चढविणें ही निव्वळ फसवणूक. गाडी दिवाळींत झळकेल, आषाढांत फुटेल.

हलक्या हातोडीनें ठोकून पाहावें. बद्द आवाज येईल तेवढा पत्रा कापून नवा जोडावा. वेल्डिंगपूर्वीं पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्यावी. रिकामी म्हणून तिच्यावर विसंबूं नये, आंतली वाफच पेट घेते. गाडीस पक्के टेकू द्यावे आणि एक बाजू पुरी झाल्यावांचून दुसरी कापूं नये. नाहीं तर गाडी मधोमध वाकते व दार पुन्हां चौकटींत बसत नाहीं. हें काम उन्हाळ्यांत उरकावें. घासलेला पत्रा ओल्या हवेंत एका रात्रींत तांबूस होतो; त्याच दिवशीं त्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यावा.