दोन खोल्या आणि एक कुटुंब

पर्यटन-जहाजावर चौघांनीं दोन खोल्या घेतल्या, कीं कोणीं कोठें निजावें हा प्रश्न घरगुती राहत नाहीं. रॉयल कॅरिबियन कंपनीचेंच उदाहरण घ्या. उत्तर अमेरिकेच्या बंदरांतून निघणाऱ्या तिच्या जहाजांवर प्रत्येक खोलींत निदान एक प्रवासी 21 वर्षांचा लागतो. युरोप, आशिया किंवा ऑस्ट्रेलियांतून निघाल्यास साधारणतः 18 वर्षें पुरतात. वय मोजावयाचें तें जहाज सुटण्याच्या दिवशीं. वाटेंत येणारा वाढदिवस जमेस धरीत नाहींत.

म्हणून मायामीहून निघतांना, घरीं मतदानाचा हक्क मिळालेला 19 वर्षांचा चिरंजीव धाकट्या बहिणीसह दूरच्या खोलींत राहूं शकत नाहीं. हें त्याला खटकतें, आणि मला विचाराल तर खटकणें स्वाभाविकच आहे! आईबापांची खोली लगत असल्यास मात्र ही अट शिथिल होते. विवाहित जोडप्यासही सूट आहे.

यावर एक पळवाट नेहमीं सुचविली जाते : कागदोपत्रीं आई व मुलगी एका खोलींत, बाप व मुलगा दुसरींत दाखवावे, आणि जहाजावर गेल्यावर अदलाबदल करावी. खोल्या शेजारीं असल्या तर फारसें बिघडत नाहीं. पण त्या निरनिराळ्या मजल्यांवर असल्या तर? संकटसमयीं जमण्याची जागा बहुधा नोंदलेल्या खोलीवरून ठरते. भोंगा वाजतांच एकत्र निजलेल्या भावंडांनीं अंधारांत दोन दिशांना धांवावें काय? यास्तव पैसे भरण्यापूर्वींच लगतच्या खोल्या मागाव्या; मधलें दार असलेल्या मिळाल्या, तर थोडा अधिक आकार पडला तरी सोडूं नयेत.